उपसागरातून आलेले हिम

कोजागरीचे आटीव दूध पिऊन झाले, की आपल्या वर्षातला सगळ्यात निर्धास्त काळ सुरू होतो. पावसाने पाठ फिरवलेली असते, आकाश निवळलेले असते, भाताच्या लोंब्या पिवळ्या पडू लागलेल्या असतात आणि दसरा-दिवाळीच्या मधल्या त्या पंधरा-वीस दिवसांत आभाळाकडून काही वाईट येईल ही शंका कोणाच्या मनाला शिवत नाही. माळ्यावरून फराळाचे डबे खाली उतरतात, तशा काही घरांत पाठपिशव्याही खाली उतरतात. वर्षभर सह्याद्रीचे कडे पालथे घालणारी मंडळी दिवाळीच्या सुट्टीला हिमालयाची जोड देतात, आणि त्यांना निरोप देणारे आईवडीलही शरद ऋतूच्या भरवशावर निश्चिंत असतात. हा भरवसा फक्त आपला नव्हे. नेपाळातही दसैं आणि तिहार या दोन सणांच्या मधला काळ असाच स्वच्छ आणि कोरडा मानला जातो, आणि डोंगरातल्या कित्येक घरांची वर्षाची मिळकत याच काही आठवड्यांत होते.

२०१४ साली, १४ ऑक्टोबरला, आश्विनाच्या वद्य पक्षात या भरवशाला तडा गेला. अन्नपूर्णा रांगेला वळसा घालणाऱ्या पायवाटेवर ५,४१६ मीटर उंचीची थोरोंग ला ही खिंड आहे. पूर्वेकडच्या मुक्कामावरून पहाटेच्या अंधारात निघायचे, सकाळी माथा गाठायचा आणि दुपारपर्यंत सोळाशे-सतराशे मीटर उतरून मुक्तिनाथाच्या पायथ्याशी पोहोचायचे, असा तिथला शिरस्ता. त्या दिवशीही शेकडो लोक याच शिरस्त्याने निघाले. हिम आदल्या संध्याकाळपासूनच पडत होते, पण डोंगरात असे पडायचेच, असे म्हणून बहुतेकांनी पावले उचलली. दुपारपर्यंत वाट नाहीशी झाली, पुढच्या माणसाची पाठ दिसेना, आणि काही ठिकाणी अर्ध्या दिवसात पुरुषभर हिम साचले. माथ्यावरच्या चहाच्या छोट्या खोपट्यात कित्येक जण दाटीवाटीने उभे राहिले. त्यांतले काही उतरायला निघाले आणि त्या पांढऱ्या अंधारात हरवले. तिकडे धवलगिरीच्या तळछावणीवर हिमकडा कोसळला. नार आणि फू या गावांच्या बाजूलाही माणसे गाडली गेली. सगळे मिळून किमान ४३ जीव गेले आणि पाचशेहून अधिक लोकांना हेलिकॉप्टरने व पायी मोहिमा काढून सोडवावे लागले. मृतांत कॅनडा, इस्राएल, पोलंड, स्लोव्हाकिया इथले लोक होते, भारतीयही होते. जगभरच्या वृत्तपत्रांनी ही 'ट्रेकर्सची दुर्घटना' म्हणून छापली. पण पाहुण्यांची ओझी वाहणारे भारवाहक, त्यांना वाट दाखवणारे वाटाडे आणि कोणाच्याही सुट्टीशी संबंध नसलेले, उंच कुरणांवर आपले याक राखत बसलेले गुराखी हेही त्याच हिमाखाली गेले, हे त्या मथळ्यांत मावले नाही.

या हिमाचे मूळ कुठे होते, हा प्रश्न विचारला की नजर डोंगरावरून थेट समुद्राकडे वळते. अंदमानच्या समुद्रात त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, बंगालच्या उपसागरावरून येताना त्याने बळ धरले आणि 'हुदहुद' या नावाने ते १२ ऑक्टोबरला विशाखापट्टणमवर आदळले. ताशी १८० किलोमीटरच्या आसपासचे वारे त्या शहरावरून गेले. विमानतळाचे छत उडाले, टेकड्यांवरची हजारो झाडे मुळासकट उपटली गेली, प्राणिसंग्रहालयाचे कुंपण मोडले, आणि पूर्व घाटात अराकूच्या बाजूला कॉफीच्या मळ्यांवर सावली धरणारे उंच वृक्ष आडवे झाले. जमिनीवर आल्यावर चक्रीवादळाची ताकद ओसरते, कारण त्याला पोसणारे समुद्राचे ऊबदार पाणी खाली राहत नाही. वारा पडतो, नकाशावरचे भोवऱ्याचे चिन्ह पुसट होते आणि बातम्याही थांबतात. मात्र वादळाने समुद्रावरून उचललेले बाष्प त्याच्याजवळच असते. हुदहुदचा उरलेला भाग छत्तीसगड आणि पूर्व उत्तर प्रदेशावरून उत्तरेकडे सरकला. नेमक्या त्याच वेळी वरच्या थरांतल्या पश्चिमी वाऱ्यांचा एक द्रोणीय पट्टा दक्षिणेकडे झुकलेला होता. त्याने हे ओले आभाळ धरले आणि हिमालयाच्या भिंतीवर नेऊन घातले. ओली हवा डोंगरावर चढली की थंड होते आणि तिच्यातले पाणी सुटते. खालच्या खोऱ्यांत ते पाऊस होऊन पडले, वर हिम होऊन. किनाऱ्यापासून हजार-बाराशे किलोमीटरचे हे अंतर वादळाने दोन दिवसांत कापले.

मनांग आणि मुस्तांग हा भाग अन्नपूर्णेच्या पाठीमागच्या पर्जन्यछायेत आहे. मोसमी पावसाला ही रांग अडवते, त्यामुळे तिथली घरे सपाट मातीच्या छपरांची, आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडच्या माळवदांसारखी. ज्या गावांची वास्तुकला 'इथे फार पाणी पडत नाही' या शेकडो वर्षांच्या अनुभवावर उभी आहे, तिथे दोन दिवसांत समुद्र येऊन पडला. अशा प्रदेशात अनुभवी वाटाड्याचे शहाणपणही अपुरे पडते. तो वर्षानुवर्षे जे आभाळ वाचत आला, त्या आभाळात ही अक्षरे आधी नव्हतीच.

आता, जग तापत असताना हिमवादळे कशी वाढतील, हा प्रश्न आपल्यातल्या पुष्कळांना पडतो आणि काही जण तो टोमण्यासारखा फेकतातही. उत्तर फारसे अवघड नाही. हवा एक अंश सेल्सियसने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता साधारण सात टक्क्यांनी वाढते. माणसाने वातावरणात कोंडलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्रांनी पोटात घेतली आहे. ऊबदार समुद्रावरून अधिक पाणी उचलले जाते, आणि ते पाणी जिथे तापमान अजून शून्याखाली आहे अशा उंचीवर पोहोचले, की हिमच होऊन पडते. थोरोंग लाच्या घटनेचा अभ्यास पुढच्याच वर्षी अमेरिकन मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात उपसागरातले मोसमोत्तर वादळ आणि पश्चिमी वाऱ्यांची द्रोणी यांची ही गाठ तपशिलात उलगडलेली आहे, आणि दोन्हींच्या दीर्घकालीन कलाचाही विचार केलेला आहे. एकट्या वादळाचे खापर हवामानबदलावर फोडणे शास्त्राला मानवत नाही, आपणही ते फोडू नये. पण फासे जड होत चालले आहेत, एवढे म्हणायला हरकत नसावी.

माणसांचे मृत्यू मोजता येतात. डोंगराचे काय झाले, याचा हिशेब हळूहळू आणि अर्धवटच हाती येतो. हिम हे मुळात उंच प्रदेशातल्या जीवांचे शत्रू नव्हे. साचलेले मऊ हिम जमिनीवर पांघरूण धरते. त्याच्याखाली, मातीला लागून, तापमान शून्याच्या जवळपास टिकते आणि त्या पोकळीत उंदीर-घुशींच्या जातीचे छोटे प्राणी अख्खा हिवाळा वावरतात. उन्हाळ्यात गवत वाळवून बिळात रचून ठेवणारा पिका हा सशाचा छोटा नातेवाईकही या पांघरुणाच्या आधारानेच तग धरतो. मार्मोट तर ऑक्टोबरपर्यंत बिळात शिरून झोपी गेलेले असतात. चैत्र-वैशाखात हेच हिम वितळून कुरणांना पहिले पाणी देते, आणि कीडाजडी नावाच्या ज्या औषधी बुरशीच्या शोधात मनांग-डोल्पोची माणसे गुडघे टेकून कुरणे धुंडाळतात, तिलाही ही ओल लागते. ताजे हिम सूर्याचा बहुतांश प्रकाश परत फेकते, त्यामुळे हिमनद्यांनाही त्याचे छत्र मिळते.

पण हिमाला त्याचा काळ आणि त्याचे माप आहे. अवकाळी, अतोनात पडलेले हिम दिवसा थोडे वितळते, रात्री पुन्हा गोठते आणि वर काचेसारखा कठीण पापुद्रा धरतो. याक खुरांनी आणि तोंडाने हिम उकरून खालचे गवत काढू शकतो, पण हा पापुद्रा त्यालाही फुटत नाही. डोळ्यांसमोर कुरण असते आणि जनावर उपाशी मरते. मंगोलियातले गुराखी या आपत्तीला झुद म्हणतात, आणि नुसत्या खोल हिमाचा झुद व गोठलेल्या पापुद्र्याचा झुद असा फरकही करतात. २००९-१० च्या हिवाळ्यात तिथे सुमारे एक कोटी जनावरे मेली. दूरचे कशाला पाहा, २०१९ मध्ये उत्तर सिक्कीमच्या मुकुथांग आणि युमथांग खोऱ्यांत हिवाळाभर थांबून थांबून पडत राहिलेल्या हिमात अडकलेले तीनशेच्या आसपास याक चाऱ्यावाचून गेले. हिम वितळून वाट मोकळी झाली तेव्हा मदत पोहोचली आणि सांगाडे सापडले. याक गेला म्हणजे दूध, लोणी, लोकर, शेणाच्या गोवऱ्या आणि ओझे वाहणारी पाठ, सगळेच गेले. कर्ज काढून नवा कळप बांधण्याऐवजी तरुण मुले काठमांडूला किंवा आखाती देशांत जातात. वर्षानुवर्षे चरली जाणारी कुरणे चरायची थांबतात आणि त्यांत झुडपे शिरतात.

रानातल्या जनावरांचीही तीच कथा, फक्त तिला साक्षीदार कमी. नाउर, म्हणजे डोंगरातली निळसर मेंढी, उभ्या उतारांवर जाते, कारण तिथे वाऱ्याने हिम उडून थोडे गवत उघडे राहते. पण तेच उतार हिमकडे कोसळण्याचे. त्यांतून वाचलेल्या मेंढ्या खाली गावांच्या जवळ येतात आणि त्यांच्या मागे हिमबिबट्या येतो. गाडल्या गेलेल्या जनावरांवर लांडगे आणि दाढीवाली गिधाडे काही दिवस मेजवानी करतात, आणि मग पुढच्या हंगामात शिकारच कमी असल्याने त्यांच्यावर उपासमारीची पाळी येते. हिमबिबट्या गोठ्यात शिरतो, आधीच कळप गमावलेला माणूस बंदूक किंवा विष काढतो. १९८६ साली स्थापन झालेल्या आणि साडेसात हजारांहून अधिक चौरस किलोमीटर पसरलेल्या अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राने गावकऱ्यांना बरोबर घेऊन जे सामंजस्य घडवले, त्यावर अशा एकाच आठवड्याचा केवढा ताण येत असेल!

आणि वादळ संपले म्हणून त्याचे हिम संपत नाही. त्या ऑक्टोबरपासून नेपाळच्या उंच भागांत हिवाळाभर असाधारण हिम साचत गेले. पुढच्या वर्षी २५ एप्रिलला भूकंप झाला तेव्हा लांगटांग खोऱ्यात वरच्या उतारांवरचे हे सगळे हिम, बर्फ आणि दगड एकदम सुटले आणि लांगटांग गाव त्याखाली नाहीसे झाले. तीनशेहून अधिक माणसे गेली. जमीन हलली नसती तर ते हिम बहुधा शांतपणे वितळून नदीला मिळाले असते. पण हिवाळ्यातल्या त्या असाधारण साठ्यानेच हिमलोटाचे बळ वाढवले, असे पुढच्या अभ्यासातून दिसले. समुद्रातून निघालेली एक गोष्ट डोंगरावर सहा महिने दबा धरून बसू शकते, ही कल्पना आपल्या आपत्ती-व्यवस्थापनाच्या पुस्तकांत अजून नीट बसलेली नाही.

इतिहास पाहिला तर ही पहिली वेळही नव्हती. १९९५ च्या नोव्हेंबरात उपसागरातल्या वादळाने असेच हिम आणले होते आणि गोक्यो खोऱ्यात हिमलोटाखाली एक जपानी गट आपल्या नेपाळी सहकाऱ्यांसह गाडला गेला होता. म्हणजे १९ वर्षे हाताशी होती. त्याही आधी, फेब्रुवारी १९७२ मध्ये, इराणात आठवडाभर चाललेल्या हिमवादळाने सुमारे चार हजार माणसे घेतली. गावेच्या गावे कित्येक मीटर हिमाखाली गेली, आणि तीही काही वर्षांच्या दुष्काळानंतर, पावसाची वाट पाहणाऱ्या प्रदेशात. नोंदलेल्या हिमवादळांतले ते सर्वांत प्राणघातक. थोरोंग लानंतरही हे थांबले नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्तराखंड आणि नेपाळात अवेळी धो-धो पाऊस झाला, खाली उभा भात पाण्यात गेला आणि वर हर्षिल-चितकूल वाटेवरच्या लमखागा खिंडीत पदभ्रमणाला निघालेली माणसे हिमात मेली. २०२५ च्या ऑक्टोबरात एव्हरेस्टच्या तिबेटकडच्या बाजूला शेकडो लोक हिमवादळात अडकले. शरदाच्या निर्धास्तपणाची ही वजाबाकी दरवर्षी थोडी थोडी होत आहे.

थोरोंग लाच्या बाबतीत मनाला अधिक टोचते ते मात्र वेगळेच. हुदहुद अचानक आले नव्हते. भारतीय हवामान विभागाने त्याचा माग दिवसेंदिवस ठेवला होता, किनाऱ्यावरच्या लाखो माणसांना वेळेवर हलवण्यात आले आणि ओडिशा-आंध्रने त्या कामात दाखवलेली तत्परता जगाने वाखाणली. १९९९ च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळाने हजारो माणसे गिळली होती, त्या आठवणीतून ही शिस्त आली आहे. म्हणजे वादळ येणार हे ठाऊक होते, ते उत्तरेला जाणार हेही ठाऊक होते. माहिती किनाऱ्यापाशी खूप होती, पठारावर थोडी झाली आणि खिंडीच्या पायथ्याशी पहाटे साडेतीनला बुटांच्या नाड्या बांधणाऱ्या माणसापर्यंत पोचता पोचता उरलीच नाही. वारा सीमेवर थांबला नाही, इशारा थांबला. आपण आपत्तीची विभागणी खात्यांत करतो. समुद्राचे वादळ एका टेबलावर, डोंगराचे हिम दुसऱ्या, पर्यटन तिसऱ्या, आणि शेजारचे राष्ट्र तर निराळ्याच इमारतीत. निसर्गाने ही टेबले कधी पाहिलेली नाहीत.

कोकणातल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून गेले तेव्हा हापूसच्या बागा मोडल्या, छपरे उडाली, समुद्रात माणसे गेली. आपण पंचनाम्यांत गुंतलो. त्याच वादळाचा अवशेष गुजरात ओलांडून उत्तरेला गेला आणि दिल्लीत मे महिन्यात एका दिवसात ११९ मिलिमीटर पाऊस पाडून गेला, जो त्या महिन्यासाठी विक्रमी होता. हिमालयाच्या माथ्यांवर त्याच ओलाव्याने हिम धरले. आपल्या अंगणातली माडाची झाडे पाडणारा वारा तिकडे कोणाच्या तरी तंबूवर हिम टाकत होता, हे आपल्या मनातही आले नाही.

खरे तर हे नाते आपल्या देवघरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. कार्तिकात तुळशीचे लग्न लागते तेव्हा कित्येक घरांत नवरदेवाच्या जागी शाळिग्राम असतो, आणि तो येतो मुक्तिनाथाच्या खालून वाहणाऱ्या काली गंडकीच्या पात्रातून. तो काळा, गुळगुळीत दगड म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या अमोनाइट या शंखधारी जीवाचा अश्म आहे. भारताची भूमी आशियाला जाऊन भिडली, मधला टेथिस समुद्र मिटला आणि त्याचा तळ उचलून हिमालय झाला. आपण तुळशीपाशी अक्षता टाकतो त्या एका मिटलेल्या समुद्रावर. त्याच काली गंडकीच्या दरीतून दर आश्विनात कांड्या करकोच्यांचे थवे हिमालय ओलांडतात आणि राजस्थान-गुजरातेत हिवाळा काढायला उतरतात. समुद्राने डोंगर व्हावे, डोंगराने नदी होऊन पुन्हा समुद्राला मिळावे, पाखरांनी दोन्हींच्या मधून वाट काढावी, हा फेरा आपल्या सणांच्या पंचांगात मुरलेला आहे. त्याचा वेग मात्र लक्षावधी वर्षांचा होता. हुदहुदने तो दोन दिवसांवर आणला.

या ऑक्टोबरात पुन्हा पाठपिशव्या भरल्या जात आहेत, आणि भरल्या जाव्यात. डोंगराकडे पाठ फिरवल्याने मनांगच्या चहावालीचे किंवा भारवाहकाचे भले होणार नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात १६ नेपाळी सहकारी गेले, ऑक्टोबरात थोरोंग ला झाले, पुढच्या एप्रिलमध्ये भूकंप झाला, आणि तरीही त्या वाटेवरची गावे दर शरदात चुली पेटवून पाहुण्यांची वाट पाहत राहिली. कुरणेही पुन्हा उगवली. पुन्हा उभे राहण्याचे हे बळ त्यांचे आहे, त्यावर आपण आपली बेफिकिरी पोसू नये.

त्यामुळे निघण्यापूर्वी बंगालच्या उपसागराकडे एकदा पाहावे. थोरोंग ला ओलांडायची आहे आणि अंदमानजवळ कमी दाबाचे क्षेत्र दिसते आहे, तर हा योगायोग मानू नये. मुंबई-पुण्याच्या ज्या संस्था दर दिवाळीत हिमालयात गट नेतात, त्यांनी आपल्या आखणीत राखीव दिवस ठेवावेत आणि ते खरोखर राखीव असावेत. रजा संपते म्हणून, परतीचे तिकीट काढले आहे म्हणून, गटातल्या सगळ्यांनी पैसे भरले आहेत म्हणून ते दिवस सर्वांत आधी कापले जातात, हे त्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भारवाहकाच्या अंगावर उबदार जाकीट आणि पायांत धड बूट आहेत का, त्याचा विमा उतरवला आहे का, हे विचारायला गटनेत्याला लाज वाटू नये, आणि त्याने विचारले नाही तर पैसे भरणाऱ्याने विचारावे. दोन्ही देशांच्या हवामान खात्यांनी किनाऱ्याचा इशारा त्याच तासाला खिंडीच्या पायथ्याच्या शेवटच्या चहाच्या दुकानापर्यंत जाईल अशी व्यवस्था करावी. मोबाइलचे मनोरे आता तिथेही पोचत आहेत. आणि पहाटे साडेतीनला, हिम पडत असताना, वाटाडा म्हणाला की आज थांबू, तर त्याला त्या दिवसाची मजुरी पूर्ण मिळेल, हे आदल्या रात्रीच त्याला सांगून ठेवावे.